कापडाची गाळणी: भोकाकडून विणीकडे

मातीच्या धरणातून झिरपणाऱ्या पाण्याला वाट द्यायची आणि माती मात्र जागची हलू द्यायची नाही, हे काम पूर्वी वाळू-खडीचे थर करत. त्यांच्या दाण्यांचे प्रमाण कार्ल टेरझागी यांनी ठरवून दिले. 1958च्या सुमारास फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर काँक्रीटच्या ठोकळ्यांखाली विणलेले प्लास्टिकचे कापड अंथरले गेले आणि वाळूच्या थराला पर्याय मिळाला. ‘जिओटेक्स्टाईल’ हे नाव मात्र झां-पिएर जिरू यांनी 1977मध्ये दिले. कापड आल्यावर चाळणीचा हिशेब आपसूक आला: मातीच्या कणापेक्षा भोक लहान, की काम झाले. माझ्या मते इथेच पुढची अनेक वर्षे चूक होत राहिली. कापड प्रत्येक कण अडवत नाही, आणि अडवूही नये. सुरुवातीला थोडे बारीक कण त्यातून निसटतात, मागचे जाड कण एकमेकांना टेकून कमान धरतात आणि खरी गाळणी मातीतच तयार होते. कापडाने फक्त त्या कमानीला आधार द्यायचा.

हा आधार कसा मिळेल, ते वीण ठरवते. ताण्याबाण्याच्या पातळ कापडात कणाला एकच दार ओलांडायचे असते; ते ताणाने फाकले, तर पलीकडे अडवणारे काही नाही. सुयांनी टोचून गुंतवलेल्या तंतूंच्या जाड, न विणलेल्या कापडात कणाला एकामागून एक अरुंद जागा लागतात. जिरू यांनी 1996मध्ये अशा अरुंद जागांची संख्याच निकष म्हणून मांडली. 25 ते 40 असाव्यात, असे त्यांचे म्हणणे. इतक्या वळणांत गाळ अडकून कापड तुंबेल, हा आक्षेप जुना आहे आणि तो पोकळ नाही. ज्या मातीत मधल्या आकाराचे दाणेच नसतात, तिथे बारीक कण सुटे वाहत येतात आणि कापड खरोखर तुंबते. लोहयुक्त पाण्यातल्या जिवाणूंचा थर तर कोणत्याही विणीला जुमानत नाही. म्हणूनच प्रत्यक्ष जागेवरची माती आणि निवडलेले कापड एकत्र ठेवून चाचणी घ्यावी लागते. पण न विणलेल्या कापडाचा बहुतांश भाग पोकळीच असतो, त्यामुळे थोडे कण अडकले तरी पाण्याला दुसरी वाट उरते. फ्रान्समधल्या वालक्रोस धरणात 1970मध्ये असेच कापड घातले होते; 21 वर्षांनी त्याचे नमुने काढून पाहिले, तेव्हाही ते पाणी गाळत होते.