घरचा साबण मुरला हे ओळखायचं कसं?

खान्देशाला तेल आणि साबणाची सोयरीक नवी नाही. कपाशीचा हा मुलूख. सरकीचं तेल इथलंच. १९४५ साली अमळनेरला सुरू झालेल्या वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्समध्ये, म्हणजे आजच्या विप्रोत, वनस्पती तुपाबरोबर '७८७' हा कपड्यांचा साबणही बनायचा. कारखान्यात साबण यंत्राने सुकवता येतो. असोद्यासारख्या गावातल्या एखाद्या घरी तेच काम हवेवर सोपवावं लागतं, आणि तिथेच गैरसमज होतात.

गैरसमज : वडी घट्ट झाली की साबण तयार.
वस्तुस्थिती : तेल आणि कॉस्टिक सोड्याची मुख्य क्रिया एक-दोन दिवसांत उरकते, वडीही कापता येते. पण आत पाणी बरंच असतं. असा साबण न्हाणीघरात लवकर विरघळतो, फेसही कमी देतो. पाणी उडून वडी टणक आणि सौम्य व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

गैरसमज : महिनाभर ठेवला की जास्त पडलेला कॉस्टिक जिरतो.
वस्तुस्थिती : माप चुकलं तर वाट पाहून साबण सुधारेल, या भरवशावर राहू नये. १०० ग्रॅम खोबरेल तेलाला सुमारे १८ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, सरकीच्या तेलाला सुमारे १४. खोबरेलचं माप सरकीला लावलं तर साबण कातडी जाळणारच. म्हणून वाटी-चमचा नको, वजनकाटाच हवा. आणि हिशेबापेक्षा सोडा ५ टक्के कमी घ्यावा. खात्रीसाठी ओलं बोट वडीवर घासून जिभेच्या टोकाला लावावं. नुसती साबणाची चव आली तर ठीक. वीज लागल्यासारखी चुणचुण झाली, तर तो साबण अंगाला लावू नये.

गैरसमज : पीएच ७ आला पाहिजे.
वस्तुस्थिती : खरा साबण अल्कधर्मीच असतो, त्याचा पीएच साधारण ९ ते १०.५. वडीवर चिकटवलेली कागदी पट्टी तर अनेकदा चुकीचा रंग दाखवते.

गैरसमज : उन्हात ठेवला की लवकर मुरतो.
वस्तुस्थिती : जळगावचा मे महिना ४५ अंशांच्या घरात जातो. त्या उन्हात वड्या वाकतात आणि तेल खवट व्हायला लागतं. सरकीचं तेल त्या बाबतीत विशेष नाजूक. नारिंगी डाग आणि जुन्या तेलाचा वास ही त्याची खूण. वड्या सावलीत, वारा खेळेल अशा जागी, एकमेकींना न चिकटवता ठेवाव्यात आणि अधूनमधून उलटाव्यात.

गैरसमज : वर पांढरी भुकटी आली, म्हणजे साबण बिघडला.
वस्तुस्थिती : बहुतेक वेळा तो वरच्या सोड्याचा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन आलेला थर असतो. ओल्या फडक्याने पुसून टाकावा.

मग नेमकी खूण कोणती?
जिभेची परीक्षा उतरली की उरतो तो पाण्याचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर काटा देतो. एका वडीवर खूण करून दर आठवड्याला तिचं वजन लिहून ठेवा. समजा, ११० ग्रॅमची वडी उतरत उतरत ९८ वर आली आणि पुढचे दोन आठवडे तिथेच राहिली, तर ती मुरली. श्रावणात हवाच ओली असते. साबणातलं ग्लिसरीन ती ओल ओढतं आणि वजन उतरायचं थांबतं, कधी वाढतंही. तेव्हा पावसाळ्यातल्या वडीला उघडीप मिळेपर्यंत थांबा आणि मग पुन्हा काट्यावर ठेवा.