अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा चित्रपट आणि त्याचा प्रेक्षक

चित्रपट तयार झाला म्हणजे काम संपले, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः तेव्हा निम्मेच काम झालेले असते. तो कोणी दाखवायचा, कोठे दाखवायचा आणि कोणाला दाखवायचा, हा प्रश्न उरतोच. ज्यांच्या हाती चित्रगृहे आहेत त्यांना तो फारसा जाणवत नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाला मात्र तो शंभर वर्षांहून अधिक काळ भेडसावीत आला आहे. त्याचे उत्तर त्या समाजाने कसे शोधले, हे येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रारंभ 1915 पासून करू. त्या वर्षी ग्रिफिथ यांचा ‘द बर्थ ऑफ ए नेशन’ हा मूकपट निघाला. तंत्राच्या दृष्टीने तो मोठाच होता. पण त्यात नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांना रानटी ठरविले होते आणि कू क्लक्स क्लॅन या दहशती संघटनेला तारणहार बनविले होते. कृष्णवर्णीयांच्या संघटनांनी गावोगाव निषेध केला. तरी चित्रपट चालू राहिला. तेव्हा काही जणांच्या ध्यानात आले की, निषेधाने पडद्यावरचे चित्र पुसले जात नाही. त्याच्यासमोर आपले चित्र मांडावे लागते.

ते मांडणाऱ्यांत ऑस्कर मिशो हे नाव अग्रभागी येते. हा गृहस्थ मूळचा शेतकरी. आपल्या कादंबऱ्या तो स्वतः दारोदार विकीत असे, आणि पुढे चित्रपटही त्याने तसेच विकले. रिळे बरोबर घ्यायची, गाव गाठायचे, चित्रगृहाच्या मालकाशी सौदा करायचा आणि पुढच्या चित्रपटासाठी आगाऊ रक्कम मागायची, असा त्याचा क्रम होता. कृष्णवर्णीयांच्या वस्तीत चित्रगृह नसे तेथे शाळा किंवा प्रार्थनामंदिर उपयोगी पडे. दक्षिणेकडे तर गोऱ्यांची चित्रगृहे त्यांच्यासाठी उघडत ती त्यांचे खेळ संपल्यावर, मध्यरात्री.

मिशो यांचा ‘विदिन अवर गेट्स’ 1920 मध्ये शिकागोत दाखविला गेला. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेसाठी पैसा जमविणाऱ्या शिक्षिकेची ही कथा. पण तिच्यात एका कष्टकरी कुटुंबाला जमाव फासावर चढवितो ते दृश्यही आहे. आदल्याच वर्षी त्या शहरात वांशिक दंगलीत 38 माणसे मेली होती. त्यामुळे परीक्षण मंडळाने प्रथम परवानगी नाकारली आणि पुढे वादविवादानंतर दिली. कालांतराने हा चित्रपट नाहीसाच झाला. अखेर त्याची एक प्रत सापडली ती स्पेनमध्ये! तिच्यातील पाट्या बहुतेक स्पॅनिशमध्ये होत्या. त्या पुन्हा इंग्रजीत आणून अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने 1993 मध्ये चित्रपट पूर्ववत केला. स्वतःच्या घरी न जपलेली वस्तू परक्याच्या माळ्यावर सापडावी, तसेच हे झाले.

पुढे 16 मिलिमीटरची फिल्म आली आणि मार्ग थोडा सोपा झाला. प्रक्षेपक उचलून नेता येऊ लागला. ग्रंथालय, महाविद्यालय, कामगार सभागृह, कोठेही पडदा लावता येऊ लागला. 1969 मध्ये चार्ल्स्टन येथे चारशेंहून अधिक रुग्णालय कर्मचाऱ्यांनी संप केला. त्यांत बहुतेक कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या. मॅडलिन अँडरसन यांनी त्यावर ‘आय अ‍ॅम समबडी’ हा अनुबोधपट 1970 मध्ये केला. अवघ्या अर्ध्या तासाचा हा पट कामगारांपुढे दाखविला म्हणजे ती करमणूक राहत नाही. आपल्यासारख्यांनी काय केले, हे पाहणे होते.

चार्ल्स बर्नेट यांचा ‘किलर ऑफ शीप’ हे दुसरे उदाहरण. लॉस एंजेलिसमधील वॉट्स वस्तीत, खाटीकखान्यातील एका मजुराच्या जीवनावर त्यांनी विद्यार्थिदशेत केलेला हा चित्रपट 1977 मध्ये पूर्ण झाला. त्यातील गाण्यांचे हक्क घेण्याइतका पैसा नव्हता; म्हणून तो व्यावसायिक चित्रगृहांत आला 2007 मध्ये. मधली तीस वर्षे तो जगला तो विद्यापीठे, संग्रहालये आणि चित्रपटमंडळे यांच्या आधारावर.

इथिओपियात जन्मलेले हाइले गेरिमा यांना तर 1993 च्या ‘सँकोफा’साठी मोठा वितरकच मिळाला नाही. गुलामगिरीवरील हा चित्रपट त्यांनी चित्रगृह स्वतः भाड्याने घेऊन वॉशिंग्टनमध्ये लावला. लोकांनी एकमेकांना सांगितले आणि खेळ आठवड्यांमागून आठवडे चालला. मग इतर शहरांतही स्थानिक मंडळींच्या साहाय्याने तो दाखविला गेला.

यावर कोणी विचारील, आपल्याच माणसांना आपलेच चित्रपट दाखवून काय साधते? प्रश्न योग्य आहे. अशा खेळांना पैसा थोडा मिळतो आणि प्रेक्षकही मोजकेच असतात, हे आम्ही नाकारीत नाही. पण येथे दिवे लागल्यावर प्रेक्षक लगेच उठत नाहीत. कोणी म्हातारी सांगते, हे मी पाहिले आहे. कोणी तरुण विचारतो, हे आम्हांला शाळेत का शिकविले नाही? अशा बोलण्यातून एका पिढीची आठवण दुसरीकडे जाते. वर्तमानपत्रातील परीक्षणाने हे काम होत नाही.

महात्मा फुले यांनी 1873 मध्ये आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला, हे आपणांस ठाऊकच आहे. त्या मुक्तीनंतर काय घडले, हे त्या लोकांच्याच तोंडून समजण्याचे साधन म्हणजे हे चित्रपट. आपल्या गावातील एखाद्या वाचनालयाने मिशो यांचा तो सुमारे सव्वा तासाचा मूकपट एका संध्याकाळी दाखवावा आणि मग खुर्च्या वर्तुळात मांडून अर्धा तास बोलावे, एवढीच आमची सूचना आहे.