दडपणाखालचा नेम

१० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यपत्रावर दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटर व्यासाचा असतो. छर्ऱ्याची जाडी साडेचार मिलिमीटर असते, तरी ठिपका इतका बारीक असल्यामुळे हृदयाच्या ठोक्याने नळीला बसणारा हिसकाही तेथे हिशेबात धरावा लागतो. दडपण आले की अ‍ॅड्रेनलिन हे संप्रेरक रक्तात मिसळते, नाडी वाढते, बोटांना कंप सुटतो. हृदयाची गती मंद करणारी ‘बीटा ब्लॉकर’ औषधे नेमबाजीत निषिद्ध आहेत, ती याचसाठी. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्यांपैकी एक औषध आढळल्याने उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू याची दोन्ही पदके काढून घेण्यात आली.

औषधाची वाट बंद असल्याने उरतो तो सराव, आणि त्याचा मोठा भाग गोळीविनाच होतो. ‘ड्राय’ सरावात नेमबाज रिकामी बंदूक खांद्याला लावतो, डोळे मिटतो, उघडतो आणि नळी आपोआप लक्ष्याकडेच राहिली आहे का हे पाहतो. ती सरकली असेल, तर हातांनी न ओढता पायांची जागा बदलतो. मग अर्धा श्वास सोडून थांबतो आणि ट्रिगरवरचा दाब झटका न देता वाढवत नेतो. काही सेकंदांत नेम स्थिरावला नाही, तर बंदूक खाली घेऊन सारे पहिल्यापासून करणे हेही शिकावेच लागते, आणि भर स्पर्धेत तेच सर्वांत अवघड जाते.

त्याच बीजिंगमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनच्या (तीन शरीरस्थितींतून नेमबाजीच्या) अंतिम फेरीत मोठ्या आघाडीवर असलेल्या अमेरिकेच्या मॅथ्यू एमन्सचे बोट, बंदूक लक्ष्यावर येण्याआधीच ट्रिगरला लागले. शेवटच्या गोळीला ४.४ गुण मिळून तो चौथा आला. २००४मध्ये अथेन्सला तर त्याने शेवटची गोळी शेजाऱ्याच्या लक्ष्यावर झाडली होती. एमन्सचा सराव अपुरा होता असे कोणी म्हणणार नाही. परंतु शांत रेंजवर पक्की झालेली सवय गर्दीसमोर तशीच टिकतेच असे नाही, आणि म्हणून अंतिम फेरीचे संगीत, गलका, घड्याळाचा धाक हे सारे सरावातच आणले जाते.

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४च्या ऑलिंपिकमध्ये याच थ्री पोझिशन प्रकारात, पात्रता फेरीतून ५९० गुणांसह सातवा येऊन, ४५१.४ गुणांचे कांस्यपदक मिळवले. अंतिम फेरीत आधी गुडघ्यावर बसून, मग पालथे पडून गोळ्या झाडाव्या लागतात आणि थकलेल्या शरीराने उभे राहण्याची पाळी शेवटी येते; कुसाळे पदकाच्या जागेवर पोहोचला तो याच उभ्या टप्प्यात.