वेग कमी, कसरत जास्त

सावकाश सायकल चालविण्याची स्पर्धा पुष्कळ शाळांत होते. शेवटी पोचेल तो पहिला, पाय टेकेल तो बाद. या स्पर्धेत हँडल सारखे डावी-उजवीकडे का फिरवावे लागते, असे विद्यार्थ्यांना विचारून पहा. 'तोल सांभाळायला' हे उत्तर येईल. पण हँडल फिरवून तोल सांभाळला जातो कसा?

तळहातावर काठी उभी धरताना ती ज्या बाजूला कलते त्याच बाजूला आपण हात नेतो. दुचाकीचेही तसेच. ती उजवीकडे कलली, की हँडल उजवीकडे वळवायचे. चाके उजवीकडे सरकून पुन्हा गुरुत्वमध्याखाली येतात. मात्र ती पुढे जाता जाताच बाजूला सरकू शकतात. हँडल तेवढेच वळवले, तर बाजूचे त्वरण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग ताशी २० किलोमीटरवरून ५ वर आला, की हे त्वरण सोळाव्या हिश्श्यावर येते. (फिरत्या चाकांच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळे दुचाकी उभी राहते, असे सर्रास सांगितले जाते. हा परिणाम रद्द केलेली एक सायकल अमेरिका व नेदरलँड्समधील संशोधकांनी २०११ साली दाखवली. ढकलून सोडल्यावर तीही स्वतःच तोल सांभाळत गेली!)

आता लांबच्या प्रवासासाठी बनविलेली जड मोटारसायकल घेऊ. होंडाच्या गोल्डविंग टूरचे वजन सुमारे ३८० किलो, दोन चाकांतील अंतर सुमारे १.७ मीटर. गुरुत्वमध्य अर्ध्या मीटरवर आणि हँडल एक मीटर उंचीवर, असे हिशेबापुरते धरू. उभी गाडी ३ अंश कलली, तर हँडलला धरून तिला रोखायला सुमारे १० किलोभार बल पुरते. १० अंशांना ३३ लागते, २० अंशांना ६५. थोडक्यात, सरळ उभी असेतो तिचा भार हाताला जाणवतच नाही, आणि जाणवू लागतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

खरी परीक्षा गाडी उलटी वळवताना. हँडल ३५ अंश वळते असे मानले, तर सरळ उभ्या गाडीचे पुढचे चाक सुमारे ६ मीटर व्यासाचे वर्तुळ काढते. आपला एकपदरी रस्ता पावणेचार मीटरचा! गाडी कलवली तर तेवढ्याच हँडलने वर्तुळ लहान होते. पण ताशी ८ किलोमीटर वेग आणि अडीच मीटर त्रिज्या धरली, तर तोल राखणारा कल जेमतेम ११ अंश येतो. (वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या व गुरुत्वत्वरण यांचा गुणाकार, हे कलाच्या कोनाचे टॅन गुणोत्तर. वेग मीटर प्रतिसेकंदात घ्यावा.) हे ११ अंश गाडी आणि स्वार या दोघांच्या मिळून असलेल्या गुरुत्वमध्याचे. म्हणून कसलेला स्वार आपले अंग वळणाच्या बाहेरच्या बाजूला ठेवतो आणि गाडीला आत अधिक कलू देतो. वर्गात सांगण्याजोगी ही युक्ती आहे, असे आम्हांला वाटते.

वेग एकसारखा राहावा म्हणून क्लच अर्धवट दाबलेला आणि पाय मागच्या ब्रेकवर हलका. अशा वळणात पुढचा ब्रेक मात्र घात करतो. गाडी थांबते, तिला सावरणारे त्वरण एकदम शून्य होते, आणि ती आतल्या बाजूला कोसळते.

मागे ढकलण्याचे तर नावच नको. १९८८ च्या गोल्डविंगमध्ये स्टार्टर मोटरच्या साहाय्याने गाडी मागे नेण्याची सोय केली गेली, ती यासाठीच.