बर्गनची वही

आपल्या आतड्यातल्या ई-कोलाय जंतूला पोषक वातावरण मिळालं, की वीसेक मिनिटांत त्याचे एकाचे दोन होतात. महारोगाच्या जंतूला तेवढ्यासाठीच बारा ते चौदा दिवस लागतात. म्हणून संसर्ग झाल्यावर अंगावर पहिला चट्टा उमटायला वर्षं जातात, क्वचित वीसही. तोवर माणसाचं लग्न झालेलं असतं, गाव सुटलेलं असतं. ज्याच्याकडून रोग आला, तो कदाचित हयातही नसतो. असा रोग कुठून कुठे गेला, हे डॉक्टरनं केवळ आठवणीवर सांगणं अशक्यच. त्यासाठी लिहून ठेवायला हवं, आणि पिढ्यान् पिढ्या. साऱ्या देशासाठी अशी वही उघडली नॉर्वेनं, १८५६ साली.

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गरीब शेतकरी-कोळ्यांमध्ये हा रोग फार होता. बर्गन शहरातलं सेंट यॉर्गन रुग्णालय तर मध्ययुगापासून महारोग्यांचं. तिथल्या हालांना वाचा फोडली ती योहान वेलहावेन या पाद्र्यानं. १८१६ मध्ये त्यानं तिथल्या रुग्णांविषयी लिहिलं. पुढे १८४७ मध्ये डॅनियलसन आणि बोएक या डॉक्टरांचा ग्रंथ आला. त्यासोबतची २४ चित्रं काढली बर्गनचे चित्रकार लोस्टिंग यांनी. त्यांत नुसते चट्टे आणि गाठी नाहीत, माणसांचे चेहरे आहेत. मला ही चित्रं पाहून पटकन पान उलटवत नाही.

वहीत गावोगावच्या डॉक्टरांकडून माहिती येई: नाव, जन्मगाव, राहण्याचं ठिकाण, रोग कधी दिसला, नात्यात आणखी कुणाला आहे का, रुग्णालयात कधी दाखल केलं, मृत्यू कधी झाला, देश सोडला का. शंभर वर्षांत आठ हजारांहून अधिक माणसं तिच्यात नोंदली गेली.

तिचं मोल कळलं गेऱ्हार्ड हॅन्सन या डॉक्टरांच्या हातात. रोग आनुवंशिक आहे, असं डॅनियलसन ठामपणे मानत, आणि हॅन्सन त्यांचेच जावई. १८७३ मध्ये हॅन्सन यांना रुग्णांच्या गाठींत काडीसारखे जंतू दिसले. पण नुसतं दिसणं पुरेसं नव्हतं. हा जंतू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवता येत नाही, आजही नाही. मग पुरावा आणायचा कुठून? वहीतून. ज्या भागांत रुग्ण अधिक प्रमाणात वेगळे ठेवले गेले, तिथे नवे रुग्ण लवकर घटल्याचं आकडे सांगत होते. १८८८ मध्ये हॅन्सन अमेरिकेला गेले आणि तिकडे स्थायिक झालेल्या नॉर्वेजियन रुग्णांच्या वंशजांचा शोध घेतला. त्यांच्यात त्यांना एकही महारोगी आढळला नाही. रोग रक्तातून उतरत असता, तर तो समुद्रापलीकडेही उतरला असता.

नॉर्वेतली ही व्यवस्था पाहायला १८७३ मध्येच मुंबई इलाख्यातले एक डॉक्टर तिथे गेले होते. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर. ‘ग्रेज अॅनाटॉमी’ या शरीररचनेच्या ग्रंथातली चित्रं काढणारे ते हेच. साताऱ्यात ते सिव्हिल सर्जन होते आणि इथल्या महारोग्यांचा अभ्यास करत होते. परतल्यावर १८७४ मध्ये त्यांनी नॉर्वेतल्या व्यवस्थेवर, भारताचा संदर्भ ठेवून, अहवाल लिहिला.

पण वहीतलं नाव म्हणजे पत्ताही. नॉर्वेच्या १८८५ च्या कायद्यानं रुग्णानं घरात वेगळ्या खोलीत राहावं, नाहीतर रुग्णालयात जावं, असं ठरलं. एका खोलीच्या झोपडीत राहणाऱ्याला वेगळी खोली कुठली? ज्या कागदानं रोगाचं कोडं सोडवलं, त्याच कागदानं गरिबांना घराबाहेर काढायला मदत केली. या दोन गोष्टी मला एकमेकींपासून तोडता येत नाहीत.

रुग्णांचं म्हणणं मात्र या कागदांत फारसं सापडत नाही. ते उमटलं ते न्यायालयात. १८७९ मध्ये हॅन्सन यांनी बर्गनच्या रुग्णालयातल्या तिशीतल्या एका बाईंच्या डोळ्यात दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतला द्रव टोचला. त्या बाईंना महारोग होताच, पण बधिरतेचा, गाठींचा नव्हे. रोग टोचून देता येतो का, हे हॅन्सन यांना पाहायचं होतं. बाईंची परवानगी त्यांनी घेतली नव्हती. १८८० मध्ये खटला चालला. आपण ज्या नजरेनं या प्रयोगाकडे पाहतो त्या नजरेनं बाई पाहणार नाहीत, असं वाटल्यानं विचारलं नाही, हे हॅन्सन यांनी तिथे कबूल केलं. न्यायालयानं त्यांना दोषी ठरवलं आणि रुग्णालयातलं त्यांचं पद गेलं. देशाच्या महारोग विभागाच्या प्रमुखाचं पद मात्र १९१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांच्याकडे राहिलं, आणि ती वहीही.