काच खाणारे सौम्य आम्ल

काचेवर नक्षी उठविणारे कारागीर काचेला मेणाचा थर देत, त्यातून सुईने रेघा कोरीत आणि वर हायड्रोफ्लोरिक आम्ल सोडीत. काही वेळाने मेण उतरविले की जेथे जेथे सुई फिरली होती, तेथे तेथे काच खोल खाल्ली गेलेली दिसे. जे द्रव्य प्रत्यक्ष काचेला खाते ते सर्व आम्लांत तीव्र असलेच पाहिजे, असा ग्रह होणे स्वाभाविक आहे. परंतु रसायनशास्त्राच्या दप्तरी त्याची नोंद सौम्य आम्लांतच आहे. तीव्रता म्हणजे दाहकता नव्हे. पाण्यात पडल्यावर शेकडा किती रेणू आपला हायड्रोजन आयनरूपाने पाण्याच्या स्वाधीन करतात, एवढ्याच प्रश्नाचे ते उत्तर आहे. काच झिजते ती फ्लोरीनला सिलिकॉनची अनिवार ओढ असते म्हणून. हेच आम्ल कातडीतून आत उतरून शरीरातील कॅल्शियमला जखडून टाकते, आणि वेदना कित्येकदा काही तासांनंतर सुरू होते. तेव्हा ‘सौम्य’ या शब्दावर भरवसा ठेवून कोणी त्याला हात लावू नये.

सौम्य आणि विरल यांचीही अशीच गल्लत होते. पाणी घातल्याने हायड्रोक्लोरिक आम्ल विरल होते, सौम्य होत नाही.

फ्लोरीन इलेक्ट्रॉन सर्वांत जोराने ओढतो, म्हणून त्याचे आम्ल तीव्र असावे, हा तर्क विद्यार्थी हमखास करतात. पण फ्लोरीनचा हायड्रोजनशी असलेला बंध तोडण्यास मोलमागे सुमारे 567 किलोज्यूल ऊर्जा लागते, आयोडीनचा 298 मध्ये तुटतो. शिवाय आयोडाइडचा आयन आकाराने मोठा असल्यामुळे ऋणप्रभार त्याच्यावर विरळ पसरतो. ज्याची फारकत सुलभ, ते हायड्रोआयोडिक आम्लच हॅलोजन-आम्लांच्या चौघा भावंडांत तीव्रतम ठरते.

रेणूत हायड्रोजन जितके अधिक तितके आम्ल तीव्र, हीही समजूत टिकत नाही. शिरक्यातील ॲसेटिक आम्लात हायड्रोजनचे चार अणू असतात. कार्बनला चिकटलेले तीन जागचे हलत नाहीत, ऑक्सिजनवरचा एकटाच निघतो, आणि तोही एक मोलर द्रावणात हजारी सुमारे चारच रेणूंचा. मद्यार्कातही ऑक्सिजनवर असाच एक हायड्रोजन असतो. तरी दोहोंच्या तीव्रतेत दहा हजार कोटी पटींचे अंतर पडते. मद्यार्काचा हायड्रोजन गेल्यावर मागे राहिलेला ऋणप्रभार एकाच ऑक्सिजनला पेलावा लागतो, तर ॲसेटेटमध्ये दोन ऑक्सिजन तो निम्मा निम्मा वाटून घेतात; ॲसेटेटमधील कार्बन-ऑक्सिजनचे दोन्ही बंध मोजले असता सारख्याच लांबीचे भरतात, ही या वाटणीची रुजुवात होय. त्या तीन अचल हायड्रोजनांच्या जागी क्लोरीन बसविले, तर ते सुटणाऱ्या हायड्रोजनला स्पर्शही न करता दुरूनच प्रभार आपल्याकडे ओढून घेतात, आणि आम्ल दहा हजार पटींहून अधिक तीव्र होते.

आम्लत्व ऑक्सिजनमुळेच येते, असे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए मानीत असे. हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन मुळीच नाही, हे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ डेव्हीने 1810 च्या सुमारास दाखवून दिले. तरीही लाव्हाझिएने ऑक्सिजनला दिलेले महत्त्व सर्वस्वी वाया गेले असे मला वाटत नाही: एका ऑक्सिजनचे हायपोक्लोरस आम्ल शिरक्याहूनही दुर्बळ असते, आणि त्याच क्लोरीनभोवती चार ऑक्सिजन जमले की जे परक्लोरिक आम्ल तयार होते, ते पाण्यात जवळजवळ संपूर्णपणे विघटित होते.