नावाड्यांच्या घरांचा माग

मुलांनो, सांगलीच्या आयर्विन पुलावरून तुमच्यापैकी कितीतरी जण गेले असतील. हा पूल झाला १९२९ साली. त्याआधी पावसाळ्यात कृष्णा ओलांडायची तर नावेशिवाय गत्यंतर नव्हतं. नाव नसेल तिथे लोक गूळ करायच्या काहिलीत बसूनसुद्धा पैलतीर गाठत!

पण ती नाव वल्हवणारी घरं कुठली? पूल झाल्यावर ती कुठे गेली?

शोधायला जाल तर पंचाईत होते. शेतकऱ्याचं नाव सातबाऱ्यावर सापडतं, पाटील-कुलकर्ण्यांचं वतनाच्या कागदांत. नावाड्याच्या नावावर बहुधा जमीनच नसायची. सुगीत तो खळ्यावर जाऊन धान्य घ्यायचा. त्याची पावती कोण फाडणार?

गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील शाळेत आले. म्हणाले, “गुरुजी, आमचे आजोबा नाव चालवायचे. पोराच्या जातीच्या दाखल्याला जुना पुरावा मागतात.” हे घर भोई समाजाचं. भटक्या जमातींच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीची नोंद लागते. त्यांच्याकडे एक कपटासुद्धा नव्हता.

आम्ही शाळेचं लोखंडी कपाट उघडलं. २०१९ च्या महापुरात आमच्या शाळेत पाणी शिरलं होतं, तेव्हा जनरल रजिस्टरं कशीबशी वरच्या फळीवर चढवली होती. तरी दोन भिजलीच. त्यांची पानं एकमेकांना चिकटलेली. चाकूच्या पात्याने एकेक सोडवावी लागली. काही नोंदी मोडी लिपीत. मला मोडी जेमतेम येते, म्हणून शेजारच्या गावच्या एका निवृत्त गुरुजींना बोलावलं.

तिसऱ्या दिवशी नाव सापडलं. स्वातंत्र्यापूर्वीचं पान, त्यावर मुलाच्या पणजोबांचं नाव, जात, जन्मगाव. पुढे लिहिलेलं, जिल्हा सातारा. मुलगा गोंधळला. “गुरुजी, आपला जिल्हा तर सांगली!”

त्याचं चुकलं नाही बरं का. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके पूर्वी सातारा जिल्ह्यात होते. संस्थानं विलीन झाली आणि १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा निघाला. १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. म्हणून तुमच्या आजोबांचे कागद शोधताना दोन्ही जिल्हे ध्यानात ठेवा. खुद्द सांगली शहर तर पटवर्धनांच्या संस्थानात होतं, तिथलं दप्तर आणखी निराळं.

इंग्लंडमध्ये कालव्यांतून माल नेणारी कितीतरी कुटुंबं नावेतच राहायची. मुलं आज या गावी, उद्या त्या गावी. शाळा कशी होणार? १८७७ साली तिथे कायदा झाला, की राहत्या नावेची नोंदणी झालीच पाहिजे. आता त्यांची पतवंडं त्या नोंदवह्या, चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी आणि शिरगणतीचे कागद चाळून आपले पूर्वज हुडकतात. आपले नावाडी काठावर घर करून राहायचे, आणि त्यांच्या नावांच्या अशा वह्या काही माझ्या पाहण्यात आल्या नाहीत.

मग आपण कुठे बघायचं? शाळेचं रजिस्टर पहिलं. मग तहसील कचेरीतलं जन्म-मृत्यूचं जुनं कोतवाल बुक. आणि तुमच्या दारी बैल घेऊन हेळवी येत असेल, तर त्याला बसवून घ्या, चहा द्या! तो वही उघडून पिढ्यान्‌पिढ्यांची नावं, मूळ गाव, कुलदैवत घडाघडा सांगतो. पण ऐकलेलं लगेच लिहून ठेवा, आणि कोणी सांगितलं तेही लिहा. मी एकदा नुसतं डोक्यात ठेवलं नि निम्मं विसरलो.

त्या पणजोबांच्या नावापुढे शाळा सोडल्याचं कारणही होतं: ‘सतत गैरहजर’. तारीख ऑगस्टमधली. नदी दुथडी भरलेली असणार, आणि बापाला दुसऱ्या वल्ह्यावर माणूस हवा असणार, असा माझा आपला अंदाज. मुलाने ती ओळ दोनदा वाचली. म्हणाला, “गुरुजी, पणजोबा खेळायला नव्हते गेले काही!” आणि रजिस्टरातली नोंद त्याने आपल्या वहीत उतरवून घेतली.